बाहेर उभे असलेले जवान रिकामे नसतात

“मोठ्या आगीत खरं काम अग्निशमन दलाचे पगारी जवान करतात, स्वयंसेवक नुसते बाहेर उभे राहतात,” असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. फोटोत तसं दिसतं, म्हणून तो सहज पटतो.

पण बाहेर उभं राहणं हेही काम आहे. आत जाणाऱ्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, साधी दाबलेली हवा असते. ती जेमतेम अर्धा तास पुरते, जोरकस कामात त्याहूनही कमी. दाब उतरला की शिट्टी वाजते आणि जवानाला बाहेर पडावंच लागतं. त्याची जागा घ्यायला, किंवा तो आत अडकलाच तर त्याला ओढून काढायला, दुसरी तुकडी मुखवटे तयार ठेवून दाराशी थांबते. तिच्यात पगारी जवान असतात तसे स्वयंसेवकही.

पडताळायचं असेल तर ऑस्ट्रियाकडे पाहा. तिथे पगारी दलं फक्त 6 शहरांत आहेत, बाकी देश स्वयंसेवक सांभाळतात. चिलीत तर सगळेच स्वयंसेवक. प्रशिक्षणाशिवाय त्यांना आगीत पाठवत नाहीत.

सहकार्य अडतं ते भलत्याच ठिकाणी. 1904 मध्ये अमेरिकेतलं बाल्टिमोर पेटलं, तेव्हा इतर शहरांचे बंब मदतीला धावले. पण अनेकांच्या होजची, म्हणजे पाण्याच्या नळीची, जोडणी तिथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या तोटीला, बसेचना. माणसं होती, पाणी होतं, आटे जुळत नव्हते. म्हणून आपल्या भागातल्या दलांबद्दल विचारायचंच असेल, तर आधी हे विचारा: शेजारच्या दलाशी तुमची जोडणी जुळते का, आणि एकत्र सराव शेवटचा कधी झाला?