मॉरिशसचा फुटबॉल कुठे अडला?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी केप व्हर्देने एस्वातिनीला ३-० असं हरवलं आणि जेमतेम सव्वापाच लाख वस्तीचा हा अटलांटिकमधला द्वीपदेश विश्वचषकाला पात्र ठरला. बातमी जगभर गाजली. पात्रता फेरीच्या त्याच गटात आणखी एक बेटांचा देश होता, त्याची दखल कुणी घेतली नाही. तो म्हणजे मॉरिशस. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे केप व्हर्देच्या दुपटीहून जास्त. दरडोई उत्पन्नही कितीतरी अधिक. तरी केप व्हर्देकडून दोन्ही सामन्यांत हार. ‘एवढासा देश, करणार काय’ हे उत्तर इथे चालत नाही. मॉरिशसचं दुखणं वेगळं आहे आणि ते जुनं आहे.

आपल्याकडे मॉरिशस ठाऊक असतो तो हनिमूनच्या पॅकेजमुळे, नाहीतर तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते या कौतुकामुळे. बेट घडलं ते मात्र उसाच्या मळ्यांवर. आधी फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेलं. गुलामगिरी उठली तशी १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर आणायला सुरुवात झाली आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या वर गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी. शिवाय मूळचे फ्रेंच जमीनदार, गुलामांचे वंशज असलेले क्रिओल, चिनी दुकानदार. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यघटनेतच हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘इतर सर्वसाधारण’ असे चार गट मोजले गेले. निवडणुकीनंतर संसदेत एखादा गट कमी पडला, तर हरलेल्यांतल्या वरच्या उमेदवारांना आठ जागांपर्यंत सामावून घ्यायची सोयही करून ठेवली. मराठी माणूस या हिशोबात हिंदूंमध्ये.

जे संसदेत तेच मैदानावर, किंबहुना मैदानावर ते आधीपासूनच होतं. फुटबॉल आणला इंग्रजांनी, पण संघ उभे राहिले ते समाजासमाजांचे. गोऱ्या फ्रेंच घराण्यांचा डोडो क्लब. हिंदूंचा हिंदू कॅडेट्स, मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स, तमिळांचा तमिळ कॅडेट्स, चिन्यांचा ड्रॅगन्स. फायर ब्रिगेड हे नाव अग्निशमन दलाचं, पण पाठीराखे क्रिओल. आज हे वाचताना कसंसंच होतं. पण मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडची जुनी पंचरंगी क्रिकेट स्पर्धा याच हिशोबावर चालायची आणि तिला अशीच तुडुंब गर्दी व्हायची. फरक इतकाच, की आपली स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली आणि रणजी करंडकाची घडी तोवर बसलेली होती. मॉरिशसकडे अशी दुसरी घडी नव्हती. समाजाचा क्लब हाच त्यांचा फुटबॉल होता.

आणि तो फुटबॉल वाईट नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. रेयुनियों आणि मादागास्कर या शेजाऱ्यांशी १९४७ पासून तिरंगी सामने सुरू झाले, त्यात मॉरिशसचा दबदबा असायचा. १९५० मध्ये तर त्यांनी रेयुनियोंला १५-२ असं झोडपलं. हा आकडा फुटबॉलपेक्षा हॉकीचा वाटतो, पण राष्ट्रीय संघाचा सर्वांत मोठा विजय म्हणून तो अजून नोंदीत आहे. १९७४ मध्ये मॉरिशस आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत पोचला. इजिप्तमधल्या त्या स्पर्धेत फक्त आठ संघ होते आणि मॉरिशस त्यांतला एक. गटात झाईर (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक), त्याच्या शेजारचा वेगळा देश काँगो, आणि गिनी. काँगोकडून ०-२, गिनीकडून १-२, झाईरकडून १-४, असे तिन्ही सामने गेले. पण समोर कोण होतं तेही बघा. काँगो दोन वर्षांपूर्वीचा विजेता. झाईरने पुढे ती स्पर्धा जिंकली, त्यांच्या न्दाये मुलांबाने एकट्याने ९ गोल मारले, आणि तोच संघ त्या वर्षी पश्चिम जर्मनीत विश्वचषक खेळला. स्वातंत्र्याला सहा वर्षं झालेल्या देशाने अशा संघांना दोन गोल मारून परत यावं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हती. त्यानंतर मात्र मॉरिशस आफ्रिका चषकाची मुख्य फेरी पुन्हा खेळलेला नाही. पन्नास वर्षं उलटली.

१९८० च्या दशकात सरकारने क्लबांच्या नावातला समाज काढायला लावला. हिंदू कॅडेट्सचा नुसता कॅडेट्स झाला, मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स. पाटी बदलली, स्टँडमध्ये बसणारी माणसं तीच राहिली, घोषणा त्याच, आणि रेफ्रीने पेनल्टी दिली की तो कुठल्या समाजाचा ही कुजबुजही तीच. याच काळात राष्ट्रीय संघाने दाखवून दिलं की दुसरंही काही होऊ शकतं. १९८५ मध्ये हिंदी महासागरातल्या बेटांच्या क्रीडास्पर्धा मॉरिशसमध्ये भरल्या आणि यजमानांनी फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. तिथले जुने लोक त्या दिवसांबद्दल आजही बोलतात, कारण चौरंगी झेंडा घेऊन सगळे समाज एकत्र रस्त्यावर उतरल्याचं ते दुर्मीळ चित्र होतं. राष्ट्रीय संघाला तिथे लाडाने ‘क्लब एम’ म्हणतात. एकच क्लब सगळ्यांचा, आणि तो वर्षातून मोजके दिवस खेळणारा. बाकी वर्षभर ज्याचा त्याचा आपापला.

मग १९९९ साल आलं. फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर काही दिवस दंगली पेटल्या. ती राख पुरती विझलीही नव्हती, तेवढ्यात २३ मे रोजी बेल व्ह्यूच्या अंजले स्टेडियमवर स्काउट्स विरुद्ध फायर ब्रिगेड असा सामना पडला. (१९४३ मध्ये याच भागात संपकरी ऊसमजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. त्यात मारल्या गेलेल्या गरोदर मजूर अंजले कुपेनचं नाव या मैदानाला आहे.) लीगचं विजेतेपद या सामन्यावर ठरणार होतं. फायर ब्रिगेड जिंकला. स्काउट्सच्या पाठीराख्यांचा राग रेफ्रीवर होता, तो गावावर निघाला. जाळपोळ करत जमाव राजधानीत पोचला आणि पोर्ट लुईच्या चिनी वस्तीतलं ‘लामिकाल’ नावाचं जुगारघर पेटवण्यात आलं. आत अडकलेले सात जण गेले. त्यात एक गरोदर बाई होती, लहान मुलं होती. चौघांना जन्मठेप झाली. खरे गुन्हेगार तेच का, हा वाद मॉरिशसमध्ये पुढे वर्षानुवर्षं धुमसत राहिला.

लीग थांबवली गेली. पुन्हा सुरू झाली तेव्हा जुने क्लब मागे पडले होते आणि नवे संघ गावांच्या, जिल्ह्यांच्या नावाने उभे केले होते: ए. एस. पोर्ट लुई २०००, पाम्प्लमूस, क्युरपीप स्टारलाइट, साव्हान. कागदावर योजना रास्त होती आणि त्या परिस्थितीत दुसरा मार्गही नव्हता, असं मला वाटतं. पण क्युरपीपच्या माणसाने क्युरपीपच्या संघासाठी जीव टाकावा, असं फर्मान काढून होत नाही. ज्या मैदानांवर पाय ठेवायला जागा नसायची तिथे प्रेक्षक मोजता येऊ लागले. प्रेक्षक नाही म्हणजे तिकिटाचा पैसा नाही, प्रायोजक नाही. पगार नाही म्हणून चांगला पोरगा नोकरी धरतो आणि संध्याकाळी जमेल तसा सराव करतो. राष्ट्रीय संघ शेवटी याच पोरांतून निवडायचा असतो.

फुटबॉलचं वेड मात्र कमी झालं नाही, ते टीव्हीकडे वळलं. मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल हे मॉरिशसचे नवे क्लब झाले. सामना संपला की झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत फिरतात. लिव्हरपूलच्या नावाची अकादमीसुद्धा बेटावर निघाली. हजारो मैलांवरच्या संघासाठी भांडण्यात एक सोय असते, शेजाऱ्याचा समाज मध्ये येत नाही. निदान उघडपणे येत नाही.

राष्ट्रीय संघाने अधूनमधून डोकं वर काढलं. २००३ मध्ये बेटांच्या स्पर्धा पुन्हा घरी भरल्या आणि मॉरिशसने पुन्हा सुवर्ण घेतलं. दंगलीनंतर चारच वर्षांनी हे घडल्याने त्याचं मोल मोठं होतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये इजिप्तने त्यांना ७-० असं लोळवलं होतं. शेजारच्या बेटांशी बरोबरी आणि आफ्रिका खंडाशी ही तफावत, हे तेव्हापासूनचं चित्र आहे. २०११ मध्ये सेशेल्सने आणि २०१९ मध्ये मायदेशी रेयुनियोंने अंतिम सामन्यात पेनल्टीवर हरवल्यावर तर शेजाऱ्यांवरची हुकमतही राहिली नाही.

केप व्हर्देने काय केलं? पोर्तुगाल, नेदरलँड्स, फ्रान्समध्ये वाढलेली आपली पोरं शोधून संघात आणली. मॉरिशसनेही तो प्रयत्न केला. पॅरिसमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये इप्सविचकडून खेळलेला केव्हिन ब्रू आणि फ्रान्समध्येच जन्मलेला बचावपटू लिंडसे रोझ हे मॉरिशसकडून खेळले. पण जो खरा मोठा होता तो मिळाला नाही. विकाश धोरासू हा मॉरिशसहून फ्रान्सला गेलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला. तो फ्रान्सकडून खेळला आणि २००६ च्या विश्वचषकात उपविजेत्या संघात होता. त्याने फ्रान्स निवडला यात त्याचा काही दोष नाही. त्या वेळी मॉरिशसकडे त्याला द्यायला होतं तरी काय?

भारताशी मॉरिशसची गाठ अलीकडे दोनदा पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या मैदानावर तिरंगी स्पर्धेत मर्व्हिन जोसलिनने मॉरिशसला आघाडी मिळवून दिली होती. मग रॉबिन सिंग आणि बलवंत सिंगच्या गोलांनी भारत २-१ ने सुटला. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला भारत क्रमवारीत १२४ वा, मॉरिशस १७९ वा, आणि सामना ०-० सुटला. मानोलो मार्केझ यांचा भारताचे प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच सामना. आपल्याकडे त्या निकालावर नाकं मुरडली गेली आणि चर्चा भारत किती वाईट खेळला याचीच झाली. पाहुण्यांचा बचाव नव्वद मिनिटं फुटला नाही, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.