कोटा रामस्वामी

जन्म १६ जून १८९६, मद्रास. केंब्रिजला शिकताना टेनिस गाजवलं, १९२२ला भारताकडून डेव्हिस कप खेळले आणि पुढे चाळिशी उलटल्यावर क्रिकेटमध्ये टेस्ट खेळले. वडील बुची बाबू नायडू, म्हणजे मद्रासमध्ये देशी क्रिकेट उभं करणारे, त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. रामस्वामी आजोळी दत्तक गेले म्हणून आडनाव वेगळं.

टेनिसबद्दल जुन्या संदर्भग्रंथांत फार थोडं सापडतं. केंब्रिजचा ब्लू (विद्यापीठाकडून खेळणाऱ्यांना मिळणारा मान) मिळाला तो टेनिससाठी, आणि डेव्हिस कपमध्ये डॉ. फैझींबरोबर डबल्स खेळले, रुमानियाला हरवून भारत पुढे गेला आणि स्पेनकडून हरला.

क्रिकेटची बाजू मात्र आकड्यांत पक्की आहे. १९३६च्या इंग्लंड दौऱ्यात कॅप्टन विझीच्या (विजयनगरमचे महाराजकुमार) टीममधून दोनच टेस्ट, डावखुरी बॅटिंग, मँचेस्टरला ४० आणि ६०, ओव्हलला २९ आणि नाबाद ४१, एकूण १७० रन्स, सरासरी ५६.६६. मँचेस्टर म्हटलं की सगळ्यांना विजय मर्चंट-मुश्ताक अलीची २०३ची सलामीच आठवते, त्यात ह्यांचे ६० झाकले गेले, आणि ओव्हलचे ४१ तर इंग्लंडचा फास्ट बोलर गबी ॲलनने ७ विकेट काढल्या त्या डावातले, त्यांची दखल खरं तर जास्त घ्यायला हवी होती. ह्यांच्यापेक्षा मोठ्या वयात भारताकडून पहिली टेस्ट खेळलेले एकच, रुस्तमजी जमशेदजी, १९३३ला मुंबईत.

नंतर शेती खात्यात नोकरी, निवड समितीवर काम, १९५२-५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात टीमचे मॅनेजर. आत्मचरित्रही लिहिलंय.

मृत्यूच्या तारखेवर एकमत नाही. १५ ऑक्टोबर १९८५ला सकाळी अड्यारच्या घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत, वय तेव्हा ८९. पुढे काही याद्यांत 'मृत समजले गेले' असं आलं, काही ठिकाणी जानेवारी १९९० असा महिनाही दिसतो, पण तो 'समजलेला' मृत्यू आहे, कुणी पाहिलेला नाही, आणि तो खरा धरला तर वय ९३ येतं. त्यामुळे नोंदीत जन्मापुढे '१९८५पासून बेपत्ता' एवढंच लिहिणं जास्त बरोबर वाटतं, १९९० लिहायचंच असेल तर पुढे प्रश्नचिन्ह हवं.