मधुमेही पायाची जखम

मधुमेहामुळे बधिर झालेल्या किंवा रक्तपुरवठा कमी पडलेल्या पायावर होणारी आणि सहजी न भरणारी जखम. मधुमेह झालेल्या व्यक्तीला आयुष्यात कधीतरी अशी जखम होण्याची शक्यता सुमारे १९ ते ३४ टक्के धरली जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. यावरून प्रश्नाचा आवाका कळतो.

‘साखर वाढली म्हणून जखम चिघळली’ असे घरोघरी म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वाढलेल्या साखरेने आधी नसा निकामी होतात. पायाला मुंग्या येतात, आग होते आणि मग हळूहळू काहीच जाणवेनासे होते. अंगठ्याची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि माणूस तसाच पुढे जातो. दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी घातलेली प्रदक्षिणा, गरम पाण्याचा शेक, बुटात राहिलेला खडा, ब्लेडने घरीच कापलेले कुरूप अशा साध्या कारणांनी जखमेला सुरुवात होते. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो, आणि खरे नुकसान या चालण्याने होते. नसांच्या बिघाडाने पायाचे छोटे स्नायूही दुबळे होतात, बोटे वाकडी होतात आणि चवड्याखालच्या हाडांवर भार एकवटतो. तिथे घट्टा पडतो. घट्ट्याखाली काळसर डाग दिसला तर आत रक्त साकळले आहे आणि जखम तयार होत आहे असे समजावे.

बधिरपणा ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. नायलॉनचा एक ठरावीक जाडीचा तंतू तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. तेव्हा १० ग्रॅम इतका दाब पडतो. रुग्णाने डोळे मिटून ‘आता लागले’ एवढेच सांगायचे असते. ज्याला हा स्पर्श कळत नाही, त्याच्या पायाचे संरक्षण करणारी संवेदना गेली असे धरतात.

उपचारांत मलमाला जितके महत्त्व दिले जाते तितके त्याचे नाही. तळव्यावरची जखम भरायची तर तिच्यावरचा भार काढावा लागतो. हे शहाणपण मधुमेहाच्या नव्हे, कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून आले. कुष्ठरोगातही पाय बधिर होतात आणि तशाच जखमा होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी अशा पायांना प्लास्टर घालून जखमा भरून आणल्या. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून ही पद्धत मधुमेहींच्या उपचारांत रुजली. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ रबरी तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते.

या प्लास्टरमध्ये कापसाचे अस्तर मुद्दाम पातळ ठेवतात, म्हणजे साचा तळव्याला आणि पोटरीला घट्ट बसतो आणि भार सगळ्या पायावर वाटला जातो. सूज उतरली की ते सैल पडते. म्हणून पहिले प्लास्टर काही दिवसांतच बदलतात आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी नवे घालतात. काढता येणारा बूट रुग्णाला सोयीचा वाटतो, पण घरात शिरताच तो काढून ठेवला जातो. काढता न येणारे साधन अधिक गुणकारी ठरते ते यामुळेच. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जंतुसंसर्ग तीव्र असेल, तर मात्र असे प्लास्टर घालत नाहीत.

सोबत घट्टा आणि मृत ऊतक कापून काढणे, जखम सलाइनने धुणे, ती ओलसर पण झाकलेली ठेवणे हे चालूच असते. हळद भरू नये, पाय भिजत घालू नये. पू, लाली, सूज अशी संसर्गाची लक्षणे नसतील तर प्रतिजैविकांची गरज नसते. सळईचे टोक जखमेत घातल्यावर कठीण हाड लागले, तर संसर्ग हाडापर्यंत गेल्याची दाट शंका येते. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्मे झाले नाही, तर उपचारांचा फेरविचार करतात. अनेकदा कारण अरुंद झालेल्या रोहिणीत, म्हणजे पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, सापडते. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून ते कळते, पण मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून हा आकडा फसवा येतो. म्हणून पायाच्या बोटाचा दाब पाहावा लागतो. रोहिणीत फुगा घालून ती रुंद करून किंवा बायपास करून रक्त पोहोचवल्याशिवाय अशा पायाचे बोट कापले, तर तीही जखम भरत नाही आणि पुढे गुडघ्याखालून पाय जाण्याची वेळ येते.

घोट्याच्या आतल्या बाजूला, काळवंडलेल्या त्वचेवर झालेली जखम बहुधा निराळी असते. ती अपस्फीत नीलांमुळे, म्हणजे फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरांमुळे, होते आणि तिला पट्टीचा आवळ लागतो, घोट्याजवळ साधारण ४० मिमी पाऱ्याइतका. रोहिणीचा प्रवाह तपासल्याशिवाय मात्र पट्टी आवळू नये, नाहीतर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो.

जखम भरली तरी सुमारे ४० टक्के रुग्णांत ती वर्षभरात पुन्हा होते. त्यामुळे मागे पट्टा असलेली चप्पल घरातही वापरणे, रोज आरशात तळवे पाहणे आणि घट्टे दवाखान्यातच काढून घेणे पुढेही चालू ठेवावे लागते. काही ठिकाणी रुग्णांना दोन्ही तळव्यांचे तापमान घरी मोजायला शिकवतात. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आढळला, तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवायचे असते.