सातबाऱ्यावरचे ‘कलम 43’ आले कुठून?

कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याने (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, म्हणजे कुळाला, संरक्षण आणि मालकी देणाऱ्या कायद्याने) मिळालेल्या जमिनीचा सातबारा काढला, की ‘इतर अधिकार’ या रकान्यात ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ असा शेरा बहुधा सापडतोच. सौदा अडला की अनेकांना ती तलाठ्याची चूक वाटते. पण त्या शेऱ्याची मुळे खोताच्या खळ्यात आहेत.

कोकणात सरकार आणि रयत यांच्यामध्ये खोत होता. गावाचा सारा (जमीन महसूल) तो भरायचा आणि कुळांकडून खंड, म्हणजे जमीन कसण्याचा मोबदला, घ्यायचा. अर्धेलीत निम्मे भात खळ्यावरूनच जाई. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा झाली आणि 25 गावांतल्या कुळांनी जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले. संप 1939 पर्यंत चालला, शेते पडीक राहिली. मधल्या काळात, 1937 मध्ये, डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. कुळांना संरक्षण देणारा कायदा 1939 मध्ये आला. खोती संपवणारा यायला 1949 उजाडले.

खरी उलथापालथ केली ती 1948 च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने आणि त्यातल्या 1956 च्या दुरुस्तीने. (मराठवाड्याला 1950 चा हैदराबादचा आणि विदर्भाला 1958 चा कायदा लागू, त्यामुळे तिथे कलमांचे आकडे वेगळे.) 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले गेले.

मानले गेले, पण कागद व्हायचे बाकी होते. कलम 32ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची: कायम कुळाला खंडाच्या 6 पट, इतरांना आकारणीच्या (जमिनीवर ठरलेल्या सरकारी साऱ्याच्या) 20 ते 200 पटींच्या दरम्यान. पैसे एकरकमी किंवा हप्त्यांनी भरले, की कलम 32म चे खरेदी प्रमाणपत्र मिळे आणि त्यावरून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर मालकाच्या नावाचा बदल, होई. गाडी अडली ती इथेच. कुणाचे हप्ते थकले, तर खरेदीच निष्फळ ठरे. कुणी प्रमाणपत्र आणून पेटीत ठेवले आणि फेरफार केलाच नाही. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर 32फ प्रमाणे खरेदी लांबणीवर पडे, आणि पुढे ठरल्या मुदतीत कुळाने खरेदीचा इरादा कळवावा लागे. ही मुदत चुकल्याचे दावे वारसांच्या पिढीतही चालू राहिले.

त्याआधीही गळती झाली होतीच. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायला मालकांना 31 डिसेंबर 1956 पर्यंत नोटिशीची मुभा होती. शिवाय ‘राजीखुशीने’ कूळहक्क सोडल्याचे राजीनामे. ही राजीखुशी किती खरी, याबद्दल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या दांडेकर-खुदानपूर पाहणीने तेव्हाच शंका घेतली होती.

मिळालेली जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून कलम 43 आले: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री, गहाण, बक्षीस नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर खरेदीला 10 वर्षे झाली असतील, तर आकारणीच्या 40 पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून पूर्वपरवानगीविना विकता येते. आकार 5 रुपये असेल तर 200 रुपये; एवढ्यासाठी कुणी हजारो मागत असेल तर चलन पाहावे. घेणारा मात्र शेतकरीच लागतो.

कलम 4 चा परिणाम अजून ताजा आहे. घरचा माणूस किंवा मजूर नसताना दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो. म्हणून मालक लेखी करार टाळतो, वाटेकरी दर वर्षी बदलतो, आणि पीकपाहणीला (शेतात कोणते पीक कोण घेतो याच्या सरकारी नोंदीला) नाव लागते मालकाचेच. पीककर्ज आणि अतिवृष्टीची भरपाई त्या नावावर जाते. बियाणे-खताची उधारी वाटेकऱ्याकडे राहते.