आधी पिन लावा, रूळ नंतर मोजा

दरवर्षी चवथ महिन्यावर आली की माझ्याकडे जुनी खेळण्यातली इंजिनं यायला लागतात. देखाव्यात फिरवायची म्हणून पोटमाळ्यावरची पेटी उतरते, आत कुणा काकांनी लिस्बनहून नाहीतर मोझांबिकहून आणलेलं इंजिन निघतं, आणि हाताला लागेल त्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरी त्याला जोडल्या जातात. मग फोन येतो. ‘भाई, पुढे जातं पण मागे येत नाही, रिव्हर्स गेलाय.’ किंवा, ‘नुसतं गुणगुणतं, चाक हलत नाही.’ बहुतेक वेळा गेलेलं काहीच नसतं. मोटर एका जातीची आणि वीज दुसऱ्या जातीची, एवढंच.

चुंबकाची मोटर तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी मोडक्या बॅटरीच्या गाडीतून काढून जिला कागदाचा पंखा लावला, तीच. बाजूला कायमचं चुंबक, मध्ये आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा गाभा. डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, दिली की फिरते, वायरी उलट्या लावल्या की उलटी फिरते. हिच्यावर जास्त बोलत नाही.

दुसरी जातही खरं तर प्रत्येक घरात आहे, मिक्सरमध्ये. तिच्यात चुंबकच नसतं. पातळ पत्र्यांच्या लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळलेली असते. ती फील्ड कॉइल. वीज आली की तेवढ्यापुरतं ते लोखंड चुंबक होतं. फील्ड आणि आर्मेचर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेली असतात, आणि सगळी गंमत इथेच आहे. वायरी उलटवल्या की आर्मेचरमधला प्रवाह उलटतो, पण त्याच क्षणी फील्डमधलाही उलटतो. दोन उलट मिळून सुलट. मोटर पुन्हा त्याच दिशेला फिरते. म्हणूनच ती एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, चालते: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

आता फसगत कशी होते बघा. ही गुंडाळलेल्या फील्डची मोटर डीसीवरही चालते, चांगली चालते. साहजिकच डीसीचा कंट्रोलर लावणाऱ्याला वाटतं, वीज बरोबर आहे. तो रिव्हर्सचं बटण फिरवतो, इंजिन पुढेच पळतं, आणि पेचकस बाहेर येतो. अहो, ती मोटर तशीच आहे! तिला उलटं फिरवायचं तर फील्ड किंवा आर्मेचर यांतल्या एकाचाच प्रवाह उलटवावा लागतो. मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या जुन्या इंजिनांत फील्डची दोन गुंडाळणं असतात, एक पुढे जायला, एक मागे. चालायला १६ व्होल्टपर्यंत एसी. दिशा बदलायला २४ व्होल्टचा क्षणभर झटका, तो मिळाला की आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, एक गुंडाळण सोडून दुसरं पकडतो. हा झटका डीसीच्या कंट्रोलरमधून येणार कुठून?

उलट चूक जास्त महाग पडते. चुंबकाच्या मोटरला एसी दिली की आर्मेचरवरचा जोर सेकंदाला शंभरदा इकडून तिकडे होतो. ते फिरत नाही, थरथरतं. तार तापते, वार्निशचा वास येतो, आणि जळालेलं आर्मेचर मग रिवाइंडिंगला, म्हणजे तार नव्याने गुंडाळायला, जातं. डिचोलीच्या एका घरात हॉर्नबी डब्लो या इंग्लिश गाडीचं इंजिन मार्क्लिनच्या ट्रान्सफॉर्मरवर पाच मिनिटं असंच ‘गरम व्हायला’ ठेवलं होतं. का? तर रूळ तीन होते.

या तिसऱ्या रुळानेच मला छळलंय. ‘तीन रूळ म्हणजे एसी’ हे वाक्य कुणी पसरवलं माहीत नाही, पण भेटला तर दोन शब्द सुनावीन. मार्क्लिनने १९३५ साली आणलेली छोटी गाडी तीन रुळांची आणि एसीची. लिव्हरपूलच्या मेकॅनोने १९३८ मध्ये आणलेली हॉर्नबी डब्लोही तीन रुळांची, पण १२ व्होल्ट डीसीची, आत चुंबक. तिसरा रूळ वीज कुठून येते ते सांगतो. मोटर कोणती, हे त्याला ठाऊक नाही.

मग ओळखायचं कसं? वरचं कवच काढा, वीज बंद ठेवा, दोऱ्याला बांधलेली टाचणी मोटरच्या न फिरणाऱ्या भागाजवळ न्या. ठाम ओढली गेली तर चुंबक. जेमतेम हलली तर फसू नका, गुंडाळलेल्या फील्डच्या लोखंडातही थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. ट्रायअँग या इंग्लिश कंपनीच्या काही इंजिनांत चाकांची पकड वाढवायला वेगळं चुंबक बसवलेलं असतं, तेव्हा चाकांजवळ नको, मोटरजवळच धरा. आणि तांब्याची तार दिसली म्हणून ‘गुंडाळलेली’ म्हणू नका. आर्मेचरवर तार दोन्ही जातींत असते. न फिरणाऱ्या लोखंडावर ती आहे का, ते बघायचं.

आर्मेचरला तीन पोल, म्हणजे तार गुंडाळलेले दात, की पाच पोल, उघडी मोटर की डबीतली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पाच पोलची हळू चालवताना कमी अडखळते. झालं.

दुरुस्तीतला फरक मात्र लक्षात ठेवा. चुंबकाच्या जुन्या मोटरमधून आर्मेचर उगाच उपसू नका. जुनं अल्निको या मिश्रधातूचं चुंबक तसं उघडं पडलं की कमजोर होतं. काढायचंच असेल तर चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवा. कमजोर चुंबकाची मोटर मोकळी असताना उलट जोरात फिरते, पण डबे लावले की ओढत नाही आणि तापते. तिथे रिवाइंडिंग करून काय होणार? ट्रायअँगच्या एक्स-०४ मोटरमध्ये ब्रशच्या, म्हणजे आर्मेचरला घासून वीज देणाऱ्या तुकड्याच्या, स्प्रिंगच्या एकाच बाजूला इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती पुसताना पडली की शॉर्ट.

मार्क्लिनच्या चपट्या कम्युटेटरच्या (आर्मेचरवरचा, ब्रश घासतात तो तांब्याचा भाग) मोटरमध्ये एक ब्रश कार्बनचा आणि एक तांब्याच्या जाळीचा असतो. ‘कुणीतरी चुकीचा घातलाय’ म्हणून दोन्ही कार्बनचे घालणारे मला भेटलेत. झटका दिल्यावर इंजिन दिशा न बदलता पुढे उडी मारत असेल, तर बिचाऱ्या मोटरला हात लावू नका. रिलेत सुकलेलं तेल किंवा त्याची स्प्रिंग बघा.

कम्युटेटरला पॉलिश पेपर नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फटींतला काळा गाळ दात कोरायच्या काडीने काढा. आपल्याकडच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत तांब्यावर हिरवं चढतं, तेही याच काडीने निघतं. बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नाही. हो, घरचं असलं तरी नाही.