दोन असेंब्ल्या आणि त्यांच्या मुदती

डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७ या काळात दिल्लीच्या एकाच गोल इमारतीत दोन असेंब्ल्या नांदत होत्या. एक लेजिस्लेटिव्ह, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळ. दुसरी कॉन्स्टिट्युएंट, म्हणजे घटना समिती. नावे जवळची, सभागृहे शेजारची, काही चेहरेही तेच. त्यामुळे इंग्रजांच्या कायदेमंडळानेच राज्यघटना लिहिली असा समज सहज होतो. मला तो खटकतो, कारण सभा कधी संपणार हे ठरवण्याचा अधिकार दोन्हीकडे अगदी वेगळ्या हातांत होता.

कायदेमंडळ १९१९ च्या कायद्यातून आले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ रोजी बॉम्ब टाकला तो याच्याच सभागृहात. कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे या असेंब्लीची, मुदत ३ वर्षे, वरिष्ठाची ५. पण ती कागदावर. व्हाइसरॉय सभागृह आधी बरखास्त करू शकत होता किंवा मुदत वाढवूही शकत होता. १९२०, १९२३, १९२६ अशा निवडणुका वेळेवर झाल्या. पुढची १९३० मध्ये, मग १९३४ मध्ये. आणि १९३४ चे सभागृह थेट १९४५ पर्यंत चालले! पुण्याचे काकासाहेब गाडगीळ त्या निवडणुकीत निवडून आले होते. लोकांनी ३ वर्षांसाठी दिलेले मत ११ वर्षे पुरवले गेले, आणि त्याबद्दल मतदारांना कोणी विचारले नाही. मतदार तरी किती? १९२० साली मालमत्ता आणि कराच्या अटींतून पार पडलेले सुमारे ९ लाख. शिवाय मुदत चालू असतानाही शेवटचा शब्द सभागृहाचा नव्हता. १९२३ मध्ये मिठावरचा कर दुप्पट करायला सभागृहाने नकार दिला, तरी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने स्वतःच्या अधिकारात तो लागू केला.

घटना समितीची निवड जुलै १९४६ मध्ये झाली, तीही थेट जनतेकडून नव्हे. प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी मते दिली. एकूण जागा ३८९, त्यांतल्या ९३ संस्थानांच्या. तिचा जन्मही कॅबिनेट मिशनच्या, म्हणजे ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाच्या, योजनेतूनच झाला, हे मान्य करायला हवे. पण तिला वर्षांची मुदत नव्हती, आणि समिती विसर्जित करायची तर एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागेल, असा नियम तिने स्वतः केला. २ वर्षे ११ महिने १८ दिवस हा आकडा आपण शाळेपासून पाठ करतो. ती तिची मुदत नव्हे. काम पुरे व्हायला लागलेला तो वेळ.

दोन सभांच्या गोंधळाचे आणखी एक कारण दादासाहेब मावळंकर. रत्नागिरीकडच्या मावळंगे गावाचे मूळ असलेले हे घराणे अहमदाबादला स्थिरावले. जानेवारी १९४६ मध्ये ते अवघ्या ३ मतांनी कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. ते सहावे कायदेमंडळ १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, मुदत सरण्याआधीच, स्वातंत्र्याच्या कायद्याने संपले आणि कायदे करण्याचे काम घटना समितीकडे आले. तेव्हापासून समितीच्या बैठका दोन प्रकारच्या होऊ लागल्या. घटनेवर चर्चा असली की अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. कायदे करायचे असले की, नोव्हेंबर १९४७ पासून, मावळंकर. खुर्चीत तेच दादासाहेब, पण सभा ती जुनी नव्हे.

लोकसभेची मुदत ठरवताना समितीने ५ वर्षे लिहिली. वाढ फक्त आणीबाणीत, एका वेळी जास्तीत जास्त १ वर्ष, आणि तीही संसदेने कायदा करूनच. ही वाढ आजवर एकाच लोकसभेला मिळाली, १९७१ साली निवडून आलेल्या पाचव्या.