फोरहँड मारताना नेमकं काय फिरतं?

बेळगावात संध्याकाळच्या वेळी टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं, की एक हाक हमखास ऐकू येते : ‘हात काय मारायलास? कंबर फिरव की!’ शेजारच्या कोर्टावर तीच हाक कानडीत असते, ‘सोंट तिरुगिसु’. सांगणाऱ्याला म्हणायचं असतं ते अगदी बरोबर आहे. घोळ शब्दाचा आहे. कंबर काय किंवा सोंट काय, बरगड्यांच्या खालपासून मांडीच्या सुरुवातीपर्यंतच्या सगळ्या भागाला हा एकच शब्द चालतो. बारा-तेरा वर्षांचं पोर तो ऐकतं आणि जिथं पँटचा पट्टा बांधतो, तिथं अंग पिळतं. फोरहँड, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायचा फटका, होता तिथंच राहतो आणि पाठ मात्र धरते.

पट्ट्याच्या जागी पाठीचे खालचे पाच मणके असतात. प्रत्येक मणक्याच्या मागच्या अंगाला दोन छोटे सांधे असतात, आणि कमरेच्या मणक्यांत या सांध्यांच्या फटी जवळजवळ उभ्या आणि पुढून मागे गेलेल्या असतात. रुळांत बसवलेलं सरकतं दार आठवा. पुढे-मागे ते सहज सरकतं, पण तिरकं करायला गेलं की कड कडेवर आपटते. तसंच इथं होतं. पुढे वाकायला, मागे झुकायला हे मणके मोकळे असतात, पण वळायला लागले की एका बाजूचं हाड शेजारच्या हाडाला भिडतं. दोन मणक्यांमध्ये एका बाजूला जेमतेम दोन अंश वळण मिळतं, म्हणजे पाचांचं मिळून दहाच्या आसपास. छातीच्या मागचे बारा मणके वेगळ्या घडणीचे, ते मिळून 30-35 अंश देतात. आणि त्याखाली, मांडीचं हाड जिथं श्रोणीच्या (ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या) वाटीत बसतं, तो खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. तो आतल्या बाजूला 35 ते 45 अंश फिरतो आणि बाहेरच्या बाजूलाही जवळपास तेवढाच.

म्हणून ‘कंबर फिरव’चा खरा अर्थ असा, की खुबे फिरव, वर छाती फिरव आणि मधले पाच मणके सरळ ठेव. तालमीतल्या पैलवानाला हे वेगळं सांगावं लागत नाही. धोबीपछाड मारताना खुबा आधी समोरच्याच्या पोटाखाली जातो, खांदा आणि हात त्याच्या मागून येतात.

पण खुबा फिरवायला बळ कुठून आणायचं? त्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करा. ऑफिसातल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसा, पाय जमिनीपासून उचला, हातात रॅकेट किंवा भरलेली पाण्याची बाटली घ्या आणि उजवीकडून डावीकडे जोरात फिरवा. हात डावीकडे जातो आणि खुर्चीसकट तुम्ही उजवीकडे वळता. बाहेरून कुणी पीळ दिला नाही, तर शरीराचा एक भाग जितका कोनीय संवेग (फिरण्याचा जोम) एका दिशेला घेतो, तितकाच उरलेला भाग उलट दिशेला घेतो. आता पाय जमिनीवर घट्ट ठेवून तेच करा. खुर्ची हलणार नाही, कारण उलटा पीळ आता जमीन घेते. फोरहँडचं इंजिन म्हणजे तळव्याखालची ही जमीन. पावसाळ्यात आपल्याकडच्या कोर्टांवर शेवाळ धरतं, तेव्हा चांगल्या चांगल्यांचा फोरहँड लुळा पडतो तो यामुळेच. पाय सरकला की खुब्याला रेटा द्यायला काही उरत नाही.

आता क्रमाकडे येऊ. फोरहँडचं सगळं शास्त्र या क्रमात आहे. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू धरू. तयारीत त्याचे खांदे जाळीपासून 90 अंशांच्या थोडे पुढेच वळलेले असतात, पण श्रोणी खांद्यांच्या 20 ते 30 अंश मागे राहते. या फरकामुळे पोटाच्या दोन्ही कडांचे तिरके स्नायू ताणले जातात, बेचकीचं रबर ओढावं तसे. मग उजवा पाय जमीन रेटतो आणि श्रोणी डावीकडे फिरू लागते. त्या क्षणी खांदे अजून मागेच असतात आणि रॅकेट तर आणखी मागे पडत असते. ताण कमी न होता उलट वाढतो. ताणलेला स्नायू लगेच आकसला तर जास्त जोर देतो, पण हा फायदा साठवून ठेवता येत नाही. तयारी करून सेकंदभर ताटकळत राहिलात, तर त्यातला जवळपास निम्मा उडून जातो. म्हणून खांदे लवकर वळवायचे खरे, पण पुतळा व्हायचं नाही. मागे जाणं आणि पुढे येणं एकमेकांना चिकटलेलं हवं.

यापुढचा टप्पा बऱ्याच शिकवण्यांत राहून जातो. श्रोणी जाळीच्या दिशेला तोंड करते आणि तिथं तिला थांबायचं असतं. डावा पाय घट्ट रोवलेला असतो, डाव्या खुब्यातलं आतलं वळण संपत येतं आणि ब्रेक लागतो. एसटीने करकचून ब्रेक मारला की दांड्याला धरून उभा असलेला माणूस पुढे फेकला जातो, तशी श्रोणी अडली की छाती पुढे जाते, छाती मंदावली की दंड, दंड मंदावला की मनगट आणि रॅकेट. अथणी-रायबागकडच्या जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण चालवणाऱ्याचा हात नीट पाहा. दगड सुटायच्या क्षणी हात थबकलेला असतो. हात सुसाट पुढे जातच राहिला, तर दगड पायाशी पडतो.

याचं गणित असं. कोनीय संवेग म्हणजे जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप) गुणिले फिरण्याचा वेग. वस्तुमान अक्षापासून जितकं लांब पसरलेलं, तितकं जडत्व आघूर्ण मोठं. त्यातही अंतराचा वर्ग लागतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की परिणाम चौपट. साठ किलोच्या खेळाडूचे पाय आणि धड मिळून वजन जवळपास 50 किलो भरतं, एक हात मात्र तीन किलोच्या आसपास आणि रॅकेट 300 ग्रॅम. मोठ्या भागाने सावकाश फिरून जमवलेला संवेग लहान भागाकडे गेला, की त्या लहान भागाचा वेग वाढावाच लागतो. समजा खांदे सेकंदाला 600 अंशांनी फिरत आहेत, म्हणजे सुमारे साडेदहा रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक). पाठीच्या कण्यापासून रॅकेटच्या मध्यापर्यंत 1.1 मीटर धरलं, तर नुसत्या धडाच्या फिरण्यातून रॅकेटला ताशी 40 किलोमीटरच्या पुढे वेग मिळतो. चांगल्या फोरहँडला शंभरच्या पुढचा वेग लागतो. उरलेला दंडाच्या झोक्यातून आणि खांद्याच्या सांध्यात दंड आतल्या बाजूला वळण्यातून येतो. तिथले स्नायूही आधी ताणले जातात ते छाती पुढे गेल्यामुळेच. फेडरर आणि नदाल चेंडू मारताना हात जवळजवळ सरळ ठेवत, जोकोविच कोपरात वाकवतो. सरळ हाताला लांबी मिळते, वाकलेल्या हाताला फिरणं सोपं जातं. दोन्ही चालतात, कारण खालचा क्रम तिघांचाही तोच.

‘मनगटाने मार’ हा सल्लाही या हिशेबात बसत नाही. टेनिसचा चेंडू 56 ते 59.4 ग्रॅमचा असतो. तो ताशी 54 किलोमीटरने आला आणि 108 ने परत गेला, तर तारांना चिकटलेल्या जेमतेम पाच मिलीसेकंदांत त्याच्यावर सरासरी 50 किलो वजनाइतका जोर पडतो. शरीराच्या सगळ्यात जलद प्रतिक्षिप्त क्रियेलाही 25-30 मिलीसेकंद लागतात. चेंडू लागल्यावर मनगट काहीही ठरवू शकत नाही, जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. क्रम चुकला की हा सगळा भार कोपराच्या आतल्या बाजूच्या स्नायूबंधांवर येतो आणि तिथं दुखणं बसतं. मग कुणी काळा दोरा बांधतो, कुणी चुंबकीय कडं घालतो, ‘रक्तातल्या लोहाला चुंबक ओढतं’ म्हणून. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, ते खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून अगदी किंचित दूरच ढकललं जातं. कड्याच्या पैशांत चांगले बूट येतात.

कोर्टावर करायचं ते असं. समोरच्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटताच उजवं पाऊल बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, जवळपास समांतर टेकवा आणि डावा हात रॅकेटच्या मानेवर ठेवूनच खांदे वळवा. डावा हात लवकर सुटला तर खांदे अर्धेच वळतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. हवा पणजीपेक्षा सातेक टक्के विरळ, त्यामुळे चेंडूचा वेग किंचित कमी घटतो आणि उशिरा वळणाऱ्याला ते लगेच जाणवतं. वजन उजव्या टाचेकडे आणि गुडघा खुर्चीत बसायला निघाल्यासारखा वाकलेला. उजव्या कुल्ल्यात खोलवर ताण जाणवला पाहिजे. तो मांडीच्या पुढच्या भागात जाणवला, तर तुम्ही नुसते खाली बसला आहात, खुब्यात वळलेला नाहीत. मग उजवा गुडघा आणि खुबा आधी सोडा, चेंडू डाव्या पायाच्या वीतभर पुढे घ्या आणि डावा हात छातीशी दुमडा. तो लांबवर पसरलेला राहिला तर धडाचं फिरणं मंदावतं.

चुका चेंडूवरूनच ओळखता येतात. चेंडू सतत उजवीकडे, लाइनबाहेर जात असेल, तर खुबे फार आधी उघडले आणि हात मागे राहिला. चेंडू सरळ जातो पण त्याला वजन नाही, तर खांदे आणि खुबे एकाच लाकडी फळीसारखे एकत्र फिरले. मारल्यावर तोल डावीकडे जाऊन दोन पावलं पडत असतील, तर ब्रेक लागलाच नाही. उजवं पाऊल जाळीकडे रोखलेलं असेल, तर खुब्यात वळायला जागाच नसते आणि तो पीळ गुडघा खातो. डावा पाय आडवा टाकून मारायची जुनी सवय चारशे ग्रॅमच्या आसपासच्या लाकडी रॅकेटच्या काळातली आहे. तेव्हा ती योग्यच होती. आज पाय फार आडवा गेला, तर डावा खुबा मध्येच अडतो.

खुबा फिरतो की नाही ते आधी मोजा. टेबलाच्या कडेवर बसा, गुडघे काटकोनात, मांडी हलू न देता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. नडगी उभ्या रेषेपासून किती अंश गेली ते मोबाइलमधल्या कोनमापकावर पाहा. 30 पेक्षा कमी भरत असेल, किंवा दोन पायांत दहाहून जास्त फरक असेल, तर आधी खुबा मोकळा करायचा, जोराचं नंतर पाहायचं. तोपर्यंत जोर लावलात तर राहिलेलं वळण ते पाच मणके भरून काढायला जातात.

सरावाला दोन किलो वाळू घट्ट शिवलेल्या पिशवीत भरा. भिंतीपासून दोन-अडीच मीटरवर आडवे उभे राहा, म्हणजे डावा खांदा भिंतीकडे येईल. पिशवी दोन्ही हातांत पोटासमोर धरा, उजव्या खुब्यात बसा आणि खुब्याने भिंतीवर फेका. आठ फेकींचे तीन फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर मिनिटभर विश्रांती. आठवड्यातून तीन दिवस पुरे. फेकून झाल्यावर बेंबी भिंतीकडे थांबलेली दिसली पाहिजे. ती भिंत ओलांडून पाठीमागच्या कोपऱ्याकडे गेली असेल, तर वजन एक किलोवर आणा आणि डाव्या टाचेखाली जुनं टायरचं रबर ठेवून पुन्हा फेका.